खिळा मी लावला होता

(पडद्यावर: अक्षरांचे खिळे ठेवायची खणाखणांची लाकडी पेटी. एक हात खणांमधून एकेक खिळा उचलतो आहे.)

छापखान्यात या खणांना घरं म्हणायचे. ‘क’चं घर, ‘ळ’चं घर, जोडाक्षरांची घरं, आणि कडेला काना, मात्रा, रफार. मराठी मजकूर हाताने जुळवायचा तर अशी शेकडो घरं न बघता सापडावी लागतात. माझ्या वडिलांना सापडायची. अण्णा जुळारी होते. पगाराच्या वहीत मात्र ‘कंपोझिटर’.

खिळा म्हणजे शिसं, कथिल आणि अँटिमनी यांच्या मिश्रधातूचा ओतीव तुकडा, डोक्यावर उलटं अक्षर. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायचा छोटा साचा, धरायची, उजव्याने खिळा आणून बसवायचा आणि डाव्या अंगठ्याने ओळ दाबून ठेवायची. अण्णांचा तो अंगठा टोकाला चपटा झाला होता. स्टिकमधली ओळ डोकं खाली, पाय वर अशी दिसते, आणि ती तशीच वाचायची असते. त्यामुळे मी अभ्यासाला बसले की अण्णा समोर बसायचे, शेजारी नाही. माझी वही त्यांना उलटी दिसायची आणि त्यांचं बोट बरोबर चुकलेल्या वेलांटीवर यायचं.

घरी आले की आधी मोरी. रॉकेलचा वास आणि शिसं जाईपर्यंत हात घासायचे, मगच आम्हा मुलांना जवळ घ्यायचे. धाकटा भाऊ धावत आला तर दोन्ही हात वर करून उभे राहायचे, पोलिसांनी पकडल्यासारखे.

(पडद्यावर: जुनं पिवळं पान. ‘नांव’, ‘घरें’, ‘तेथें’ या शब्दांवरचे ठिपके जवळून.)

१९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले हे अनुस्वार गेले. जुळाऱ्याचं काम हलकं झालं. पण कित्येक महिने आपला हात सवयीने अनुस्वाराच्या घराकडे जायचा, असं अण्णा सांगायचे. काही जुने लेखक मात्र हटून बसले, आमचे ठिपके हवेतच. अण्णा त्यांचे ठिपके मुकाट्याने लावून द्यायचे. त्यांचं म्हणणं सरळ होतं, “मजकूर त्यांचा, खिळे आपले.”

गोष्टी सांगण्याचा त्यांना मुळीच सोस नव्हता. सांगितलीच तर एक, जावजी दादाजींची. खिळे घासण्याच्या कामापासून सुरुवात केलेल्या या माणसाने पुढे १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. गोष्ट तिथेच संपायची. तात्पर्य आम्हीच शोधायचं, किंवा झोपायचं.

छपाई झाली की फर्मा, म्हणजे घट्ट बांधलेली पानाची जुळणी, सोडायचा आणि प्रत्येक खिळा त्याच्या घरी परत टाकायचा. दिवसभर खपून उभं केलेलं पान अण्णा स्वतःच्याच हाताने मोडायचे. हे काम कंटाळवाणं, म्हणून बरेच जण ते शिकाऊ उमेदवारांवर ढकलत. अण्णांनी कधी ढकललं नाही. ‘प’च्या घरात ‘ष’ पडला तर उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी ओळीत चूक होणार, आणि ती कुणामुळे झाली हे त्याला कळणारसुद्धा नाही. आमच्या घरात कात्री, सुई, किल्ली कधी हरवली नाही, ती यामुळे. मला ही शिस्त लागली नाही, हेही सांगून टाकते. माझा चष्मा आत्ताही सापडत नाहीये.

(पडद्यावर: जुनी लग्नपत्रिका. कॅमेरा हळूहळू एका ओळीवर येतो.)

आता ती लग्नपत्रिका. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ ही ओळ छापखान्यात कायम बांधून ठेवलेली असायची, बाकीचं जुळवायचं. त्या दिवशी अण्णांनी नुकतीच एक दशक्रियेची पत्रिका संपवली होती आणि हात त्याच कामात अडकून राहिला. नवऱ्यामुलाच्या आजोबांच्या नावाआधी ‘श्री.’ऐवजी ‘कै.’ बसलं. प्रूफ घरच्यांनी पाहिलं, खाली सही केली, आणि पत्रिका छापून गेल्या.

तिसऱ्या दिवशी आजोबा स्वतः काठी टेकत आले. पत्रिका टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “वाचा.”

मालक म्हणाले, प्रूफवर सही तुमच्या घरची आहे, आमच्याकडे काही लागत नाही. व्यवहाराने ते बरोबरच होतं. अण्णा पुढे झाले. “सही कुणाचीही असो, खिळा मी लावला होता.”

आजोबा बराच वेळ पत्रिकेकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बाकी शुद्धलेखन उत्तम आहे.”

त्याच रात्री अण्णांनी नव्याने जुळणी केली. कागदाचे पैसे त्यांनी हट्टाने दोन महिने आपल्या पगारातून कापून घ्यायला लावले. आईने हे कधीच माफ केलं नाही. सही असताना भरपाई कसली, हा तिचा सवाल शेवटपर्यंत होता. मला आजही तिचं थोडं पटतं. ते दोन महिने घर तिने चालवलं होतं.

पुढे संगणक आले. शिसं किलोच्या भावाने गेलं. अण्णांनी एक स्टिक मागून घेतली, तेवढीच.

(पडद्यावर: रिकामी स्टिक, खिडकीतल्या उजेडात.)

ते गेले त्यानंतर चौथ्या दिवशी शोकपत्रिकेचं प्रूफ माझ्या मोबाइलवर आलं. मी ते कागदावर छापून मागवलं. अण्णांनी शिकवलं होतं तसं शेवटच्या शब्दापासून मागे वाचत आले. उलटं वाचलं की डोळा अर्थामागे धावत नाही, एकेक शब्द सुटा दिसतो. तारीख बरोबर. पत्ता बरोबर. आईच्या नावात एक ऱ्हस्व वेलांटी दीर्घ झाली होती, ती दुरुस्त केली.

वर आले तर अण्णांच्या नावाआधी ‘श्री.’ होतं.

ऑपरेटरची चूक. जुनी फाइल उघडून त्यातच मजकूर भरला असणार. भावाने विचारलं, “झालं का?” मी म्हटलं, “थांब जरा.”

मग ‘श्री.’वर काट मारली, समासात ‘कै.’ लिहिलं आणि खाली सही केली.