हेरफर्डशायरची पोमोना

नमस्कार, श्रोतेहो. रेडिओवरून चित्रांच्या पुस्तकाबद्दल बोलायचं म्हणजे पंचाईतच. पण बघूया जमतंय का.

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सला लागून हेरफर्डशायर नावाचा परगणा आहे. सफरचंद आणि नासपतीच्या बागांचा मुलूख. इथली सायडर, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेली दारू, फार पूर्वीपासून नावाजलेली. फळांच्या जातींच्या सचित्र ग्रंथांना तिकडे पोमोना म्हणतात, आणि या एका परगण्याच्या नावावर दोन गाजलेल्या पोमोना आहेत.

पहिली १८११ सालची, थॉमस अँड्र्यू नाइट यांची. ३० चित्रं, हातानं रंगवलेली. आता गंमत ऐका. सफरचंदाची बी लावली तर जातिवंत झाड मिळेल याचा भरवसा नसतो. हापूससारखंच तेही कलमानं राखावं लागतं. नाइटसाहेबांचा मात्र ठाम समज होता, की कलमाची काडी मूळ झाडाचं वयही बरोबर आणते. मूळ झाड म्हातारं झालं, की त्याची सगळी कलमं थकणार आणि जात संपणार! म्हणजे त्यांच्या लेखी यातली बरीचशी फळं घटका मोजत होती. ‘फॉक्सव्हेल्प’ हे सायडरचं जुनं, लालबुंद सफरचंदही त्यांच्या पुस्तकात आहे.

पासष्ट वर्षं गेली, तरी फॉक्सव्हेल्प होतंच. बागांची हेळसांड मात्र खरी होती, आणि नावांचा गोंधळ त्याहून मोठा. तेव्हा तिथल्या वूलहोप क्लब या निसर्गप्रेमी मंडळानं काम हाती घेतलं. हेरफर्डचे डॉक्टर हेन्री बुल आणि फळांचे जाणकार रॉबर्ट हॉग यांच्या देखरेखीखाली १८७६ ते १८८५ या काळात ‘हेरफर्डशायर पोमोना’ भागाभागानं निघाली. ७७ रंगीत पानं, चारशेहून जास्त जाती, आणि प्रती फक्त ६००.

चित्रं काढली दोघींनी: ॲलिस एलिस आणि डॉक्टरांची मुलगी एडिथ बुल. छपाई ब्रसेल्सला, शिळाछापावर, एकेका रंगाला वेगळा दगड. या दोघींनी फळाला नटवलं नाही, हे मला फार आवडतं. देठाजवळचा खरबरीत तपकिरी भाग, सालीवरचे ठिपके, रोगाचे डागसुद्धा जसेच्या तसे. बरोबरच आहे. हातातलं फळ पुस्तकाशी ताडून बघणाऱ्या बागायतदाराला गुळगुळीत सफरचंदाचा काय उपयोग? हॉगसाहेब तर फळ कापून आतला गाभाही तपासत. बाहेरून जुळी वाटणारी फळं तिथे वेगळी निघतात.

पुढे या ग्रंथांचे हाल झाले. विक्रेत्यांनी कित्येक प्रती उसवल्या आणि पानं सुटी करून चौकटीत घालून विकली. चित्र दिवाणखान्यात गेलं, आणि ते फळ कधी पिकतं, किती टिकतं, हे सांगणारा मजकूर मागेच राहिला.