सिंकचं माप आतून घ्या

आज सोबत मी हे पातेलं आणलंय. माझ्या घरातलं सगळ्यात मोठं भांडं. तोंडाचा व्यास ४२ सेंटिमीटर, कानांसकट ५०. आठवड्यातून दोनदा तरी ते घासायला निघतं, आणि ज्या सिंकमध्ये मी ते कित्येक वर्षं घासलं, त्याच्या तळाला ते कधी नीट टेकलंच नाही. एका हाताने तिरकं धरायचं, दुसऱ्या हाताने घासायचं, आणि विसळताना पाणी काठावरून ओट्यावर, ओट्यावरून अंगावर. ते सिंक निवडलं होतं मीच. ६० बाय ४५ चं. कागदावर चांगलं ऐसपैस वाटलं होतं.

स्वयंपाकघरांची आखणी हे माझं काम. लोक फरशीच्या रंगावर तासभर बोलतात, कपाटांच्या मुठी चार-चारदा बदलतात आणि सिंकबद्दल विचारलं की म्हणतात, ‘मोठं घ्या.’ मोठं म्हणजे काय, कोणत्या दिशेने मोठं, हे कोणी विचारत नाही. दिवसातून चार-पाच वेळा जिथे आपण उभे राहतो त्या जागेविषयी एवढी घाई मला पटत नाही. म्हणून आजचा सगळा वेळ या एकाच गोष्टीला.

आधी मापाचाच घोळ मिटवू. सिंकवर जे माप लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा बाहेरचं असतं, काठासकट. ६० बाय ४५ म्हटल्यावर काठ वगळून आतली जागा साधारण ५५ बाय ४० उरते. त्यातही साच्यात दाबून काढलेल्या सिंकच्या भिंती तळाकडे आत झुकतात, त्यामुळे तळ आणखी काही सेंटिमीटरने आखडतो. पत्रा दुमडून, जोडून केलेल्या सिंकच्या भिंती सरळ उतरतात, तिथे वर आणि खाली जवळपास सारखीच जागा मिळते. तेव्हा सिंक बघायला जाताना टेप न्या आणि तळावर ठेवून मोजा. लिहिलेल्या आकड्याला भांडं टेकत नाही, तळाला टेकतं.

आता खरी गोम ऐका. माझं पातेलं ४२ चं, तळाची जागा पुढून मागे ४० ची. ६० च्या जागी ९० लांबीचं सिंक घेतलं असतं तरी हे पातेलं बसलं नसतं. लांबी हवी तेवढी वाढवता येते, पण पुढून-मागचं माप वाढत नाही, कारण ओट्याची खोलीच साधारण ६० सेंटिमीटर असते. पुढे सहा-सात सेंटिमीटर दगड सोडावा लागतो, नाहीतर ती पट्टी तडकते. मागे नळ बसायला आणि त्याची दांडी भिंतीला न आपटता फिरायला आठ-दहा. सिंकला उरले ४३ ते ४६, तेही काठासकट. म्हणजे लांबट ट्रे लांबीत झोपतो, पण गोल भांड्याची मर्यादा त्या पुढच्या-मागच्या मापानेच ठरते. ज्यांच्याकडे मोठी गोल भांडी आहेत त्यांना मी नळ मागे न घेता सिंकच्या बाजूला, कोपऱ्यात किंवा थेट भिंतीत घ्यायला सांगते. त्यातून पाचेक सेंटिमीटर मिळतात आणि तेवढ्याने पातेलं सपाट बसतं.

दोन कप्प्यांच्या सिंकबद्दल मला नेहमी विचारतात. एकात घासायचं, दुसऱ्यात विसळायचं, कल्पना सुरेख आहे. पण ८० लांबीच्या सिंकचे दोन भाग केले की काठ आणि मधली भिंत जाऊन प्रत्येकाला जेमतेम ३५ सेंटिमीटर येतात, आणि मोठं भांडं दोन्हींत मावत नाही. घरात दोन माणसं एकाच वेळी सिंकवर काम करत असतील तर दोन कप्पे जरूर घ्या, निदान एक मोठा, एक लहान असे. नाहीतर एकच मोठा कप्पा आणि शेजारी निथळायला जाळी, हा माझा कौल. विसळण्यासाठी आत टब ठेवता येतो आणि नको तेव्हा उचलताही येतो, मधली भिंत उचलता येत नाही.

भांडी धुण्याचं यंत्र घेतल्यावर बरेच जण सिंक लहान करतात. मी उलट सांगते. ताटल्या, वाट्या, पेले यंत्रात गेल्यावर हाताने घासायला उरतं काय? यंत्रात न मावणारं. तेच सगळ्यात मोठं असतं.

सिंकच्या खोलीवर मात्र मला जरा थांबायचंय, कारण इथे पाठीचा प्रश्न आहे. खोल सिंक दिसायला छान, भांडी आत लपतात, पाणी उडत नाही. पण हिशेब करून बघू. ओटा जमिनीपासून ८५ सेंटिमीटर. सिंक दगडाखालून बसवलेलं, दगड २ सेंटिमीटर, सिंकची खोली २३. तळ आला ६० वर. सरळ उभं राहून हात सैल सोडले तर बोटांची टोकं जमिनीपासून साधारण उंचीच्या ३८ टक्क्यांवर येतात. १५५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीची ५९ वर, १७० वाल्याची ६४-६५ वर. म्हणजे १७० उंचीच्या माणसाची बोटं, हात पूर्ण ताणूनही, त्या तळाला पोहोचतच नाहीत. शिवाय तळ काही पायांच्या रेषेत नसतो. तो समोर असतो, त्याचा मध्य ओट्याच्या कडेपासून २५-३० सेंटिमीटर पुढे. हात पुढे नेला की बोटं आणखी वर जातात. ही सगळी तूट भरून कोण काढतं? कंबर. रोज, अर्धा तास, वाकलेली.

माझ्या आईची कंबर या वाकण्याने दुखायची, हे मला फार उशिरा उमगलं. तिच्या ओट्याची उंची आम्ही मोजून घेतली होती, चिरायला, मळायला अगदी बेतशीर. पण सिंकवर काम ओट्याच्या पातळीवर होत नाही, ते त्याच्या वीस-पंचवीस सेंटिमीटर खाली होतं, हे तेव्हा मी लक्षातच घेतलं नव्हतं. पुढे तिच्यासाठी १८ खोलीचं सिंक बसवलं आणि तळाला दोन सेंटिमीटर उंच जाळी टाकली. तळ सात सेंटिमीटर वर आला. ती सरळ उभी राहून भांडी घासू लागली.

म्हणून ८५ च्या ओट्याला १८ ते २० खोली पुरे, असं माझं स्पष्ट मत आहे. २३-२५ हवीच असेल तर सिंकचा भाग पाच-दहा सेंटिमीटर उचलून घ्या. ओटा सलग एकाच उंचीचा असायला हवा, असा काही नियम नाही. उथळ सिंकचं दुखणं एवढंच की नळ उंच असेल तर पाणी उडतं, म्हणून नळाची चोच आखूड उंचीची निवडायची आणि धार निचऱ्याच्या छिद्राजवळ पडेल असं बघायचं. घरी एक प्रयोग करा. ठरवलेला तळ जमिनीपासून जेवढा उंच येणार तेवढी खोक्यांची चळत रचा, ती ओट्याच्या कडेपासून २५ सेंटिमीटर आत समजून तेवढ्या अंतरावर उभे राहा, वर ताटली ठेवा आणि पाच मिनिटं घासल्यासारखा हात फिरवा. घरात जो सर्वांत जास्त घासतो त्याने करायचं, इतरांनी नाही.

ओट्याखाली काय चाललंय तेही बघा. जुनं सिंक काढून खोल सिंक बसवताना सांडपाण्याचा भिंतीतला पाइप कुठे आहे ते आधी मोजायचं. सिंकच्या तळाखाली जाळीची वाटी, तिच्याखाली ट्रॅप, म्हणजे ज्यात पाणी साचून राहतं आणि गटाराचा वास वर येऊ देत नाही तो वळलेला पाइप. या सगळ्याला मिळून पंधरा-वीस सेंटिमीटर लागतात. तळ ६० वर असेल तर ट्रॅपचं तोंड ४०-४५ वर येणार आणि भिंतीतला पाइप त्याहून वर असेल तर पाणी चढणार कसं? एका घरात माझ्याकडून हे मोजायचं राहिलं. दगड बसला, सिंक बसलं, आणि पाणी तुंबलं. तयार भिंत फोडावी लागली. त्या घरच्यांची धूळ आणि मनस्ताप मी विसरलेले नाही.

कपाटही तसंच. ६० चं कपाट म्हटलं तरी १८ मिलिमीटरच्या दोन फळ्या वजा जाता आत ५६.४ च उरतात. खालून बसणाऱ्या सिंकला काठ आणि क्लिपा अडकवायला जागा लागते, म्हणून कपाटाच्या बाहेरच्या मापापेक्षा सिंक सात-आठ सेंटिमीटर लहान धरा.

पत्र्याविषयी थोडक्यात. सिंक जितकं मोठं तितका पत्रा जाड हवा, नाहीतर भला मोठा सपाट तळ दबतो, ढोलासारखा वाजतो. पत्र्याची जाडी सांगणारा गेजचा आकडा उलटा चालतो: १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, २० गेज त्याहून पातळ. निचऱ्याचं छिद्र मध्ये असण्यापेक्षा मागच्या कोपऱ्यात बरं. सपाट भांडं त्यावर बसून पाणी अडवत नाही आणि खाली कपाटात जागाही सुटते.

आणि आता मोठं घेणाऱ्यांसाठी दोन हिशेब. तळाला बूच लावून पाणी भरून घासायची सवय असेल तर आतून ७५ बाय ४५ च्या सिंकमध्ये दहा सेंटिमीटर पाण्याला जवळपास ३४ लिटर लागतात. ४० बाय ४० ला १६. दुसरा हिशेब ओट्याचा. सिंकच्या एका बाजूला ६० आणि दुसऱ्या बाजूला ४५ सेंटिमीटर मोकळा ओटा असावा, म्हणजे खरकटी इकडे, धुतलेली तिकडे ठेवता येतात. पण ओटाच १८० चा असेल, त्यात शेगडीला ६० गेले, सिंकला ७५ दिले, तर उरले ४५. दोन्ही बाजू मिळून! चिरायचं कुठे, निथळायचं कुठे? अशा ओट्याला मी ५० च्या वर सिंक देत नाही, आणि मोठ्या भांड्यासाठी पुढून-मागचं माप जिवापाड वाचवते.

ठरलं की त्या मापाचा पुठ्ठा कापा आणि चार दिवस ओट्यावर पसरून ठेवा. पुठ्ठ्यावर काही ठेवायचं नाही, एवढी अट पाळा. उरलेल्या जागेत तुमचं काम भागतं का, ते दुसऱ्याच दिवशी कळतं.

पातेलं इथेच आहे, टेपही आहे. ज्यांनी आपापल्या सिंकची मापं लिहून आणलीत त्यांनी पुढे या. पण सांगताना आधी तळाचं पुढून-मागचं माप सांगा, लांबी नंतर.