मुलांचा आवाज वर राहावा म्हणून

अध्यक्ष महोदय, काकू, गावकरी मंडळी आणि गुरुजींच्या हाताखाली शिकलेल्या मित्रमैत्रिणींनो,

गुरुजी गेल्यापासून त्यांच्याविषयी जे बोलले जाते त्यात एक वाक्य हमखास येते, की यवतमाळ जिल्ह्याच्या एका कोपऱ्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत उकुलेले हे गिटारसारखे छोटे वाद्य वाजवणारे एक मास्तर होते. सांगणाऱ्याच्या बोलण्यात कौतुक असते आणि नवलही असते. पण त्या नवलावरच आपण थांबलो, तर गुरुजींच्या कामाचे मर्म हातून निसटेल असे मला वाटते. हे वाद्य त्यांनी शिक्षक म्हणून पूर्ण विचारांती निवडले होते, आणि तो विचार आज आपल्यासमोर मांडावा एवढाच माझा हेतू आहे.

आपल्या भागात गाण्याची उणीव कधीच नव्हती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला, आणि त्यांच्या खंजिरीचा नाद वऱ्हाडातल्या गावोगावी पोहोचला. सामुदायिक प्रार्थना आजही अनेक गावांत होते. परंतु त्या गाण्यात सूर मोठ्या माणसांचा असतो, मुले मागे बसून टाळ्या वाजवतात. शाळेतही परिपाठाला पेटी होती. पेटीचा सूर भरदार, आणि पट्टी धरलेली असायची ती वाजवणाऱ्याच्या गळ्याची, त्यामुळे चार-दोन दांडग्या आवाजाची मुले ओरडून गात आणि उरलेली नुसते ओठ हलवत. गुरुजींनी हे हेरले. वर्गात नेमके कोण गाते आहे हे पेटी वाजू लागली की शिक्षकालाच कळत नाही, शिवाय त्याचे दोन्ही हात आणि नजर तिच्यात अडकून पडतात, असे ते म्हणत. मुलाच्या आवाजाखाली राहील आणि काखेत धरून रांगांमधून फिरता येईल, असे वाद्य त्यांना हवे होते. ते त्यांना नागपूरला, बर्डीवरच्या एका दुकानात सापडले.

ते विदेशी वाद्य शाळेत कशाला, असा प्रश्न तेव्हा गावात निघालाच. गुरुजींनी वाद घातला नाही. पेटीसुद्धा मूळची युरोपातली आहे आणि आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दूर ठेवले होते, एवढे सांगून त्यांनी मंडळींना शाळेत येऊन ऐकण्याचे निमंत्रण दिले.

आता थोडे त्या वाद्याच्या रचनेविषयी बोलतो, कारण गुरुजींची दृष्टी मला तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. उकुलेलेला नायलॉनच्या चार तारा असतात. वाद्य छातीशी धरले की हनुवटीकडची तार सर्वांत खर्जातली असेल असे आपण गृहीत धरतो, पण ती तिच्या लगतच्या खालच्या दोन तारांपेक्षा उंच असते. पेटीवरची पांढरी एक ही पट्टी षड्ज, म्हणजे सा, मानली तर वरून खाली मोकळ्या तारा अशा बोलतात: प, सा, ग, ध. चारही स्वर एकाच सप्तकातले आहेत आणि चारही भूप रागाचे आहेत. भूपाला लागणारा पाचवा स्वर ऋषभ, म्हणजे रे, तो षड्जाच्या तारेवर दुसऱ्या पडद्यापाशी, म्हणजे दांडीवरच्या दुसऱ्या आडव्या पट्टीपाशी, बोट ठेवले की मिळतो, आणि वरचा षड्ज धैवताच्या तारेवर तिसऱ्या पडद्यावर. म्हणजे ज्या मुलाला अजून बोट दाबता येत नाही, त्याच्याही हातात वाद्य घेताक्षणी भूपाचा बहुतेक ऐवज येतो, आणि कशीही तार छेडली तरी बेसूर होण्याची भीती राहत नाही. हे वाद्य घडवणाऱ्यांच्या मनात भूप असण्याचे कारण नव्हते. तो त्यात आहे हे गुरुजींनी ओळखले आणि शिकवण्याचा सारा क्रम त्यावर बांधला.

या वाद्याच्या मर्यादाही ते जाणून होते. त्याचा स्वर लवकर विझतो, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड निघत नाही, त्यामुळे रागदारीच्या विस्ताराला ते पुरे पडत नाही. गुरुजींनी तसा अट्टहास कधी केला नाही. विझणारा स्वर मुलांच्या गळ्याला जागा करून देतो, आणि त्यांना हवी होती ती तेवढीच साथ.

भूगोलाच्या तासाला ते हेच वाद्य टेबलावर ठेवून त्याची गोष्ट सांगत. १८७९ च्या ऑगस्टमध्ये पोर्तुगालच्या मदेरा बेटांवरची माणसे 'रेव्हन्सक्रॅग' नावाच्या जहाजाने हवाई बेटांवर होनोलुलूला उतरली. ती आली होती उसाच्या मळ्यांत मजुरी करायला. त्यांच्यात मॅन्युएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तीन सुतारकाम जाणणारे कारागीर होते. आपल्या बेटावरच्या लहान तंतुवाद्यांच्या धर्तीवर त्यांनी तिथल्या कोआ लाकडाचे वाद्य घडवले, पुढे हवाईचा राजा कालाकाऊआ याने त्याला दरबारात मान दिला. कोआ हे आपल्या बाभळीच्याच कुळातले झाड, हे सांगताना गुरुजी खिडकीतून धुऱ्यावरची बाभूळ दाखवत. वर्गात तांड्यावरची मुले असत, ज्यांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. ऊस तोडायला परमुलखात गेलेल्या माणसांनी जगाला एक वाद्य दिले, हे ती मुले ज्या तन्मयतेने ऐकत, ती मी त्याच वर्गात बसून पाहिली आहे.

त्यांतलीच एक मुलगी आजीजवळ राहत असे. ती कित्येक महिने गायली नाही. गुरुजींनी तिला गायचा आग्रह केला नाही, वाद्य तिच्या हातात दिले आणि एकच गोष्ट शिकवली: शेवटच्या तारेवर, तिसऱ्या पडद्यापाशी अनामिका दाबायची. एवढे केले की चारही तारा प, सा, ग आणि वरचा सा अशा जुळून बोलतात. वर्ग गाई आणि ती साथ करी. साथ करता करता तिचा आवाज कधी मिसळू लागला ते आम्हा मुलांना कळले नाही, गुरुजींना मात्र कळले होते, कारण ते तिच्याजवळून जाताना पावले हळू टाकत आणि इतरांना हातानेच आवाज खाली आणायला सांगत. तिची आजी एकदा शाळेच्या ओट्यावर बसून ऐकत होती. “माह्या नातीचा आवाज म्या घरी कधी आयकलाच नोयता,” असे ती गुरुजींना म्हणाली. गुरुजींच्या कामाची याहून मोठी पावती मला ठाऊक नाही.

वाद्ये जपणे हाही त्यांच्या शिकवण्याचाच भाग होता. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसावर जातो, हवा कोरडी ठक्क होते, लाकूड आकसते आणि पडद्यांची धातूची टोके दांडीच्या कडेने बाहेर येऊन मुलांची बोटे खरचटतात. गुरुजी ती टोके बारीक कानशीने घासून काढत. साबणाच्या डबीला भोके पाडून तिच्यात ओला स्पंज ठेवायचा आणि ती डबी वाद्याच्या पिशवीत घालायची, ही युक्ती त्यांचीच. सुट्टीत स्पंज ओला करण्याची पाळी मुलांमध्ये वाटलेली असे, आणि ती चुकवणारा मी तरी पाहिला नाही.

काकूंनी गुरुजींची वाद्ये आता शाळेकडे सोपवली आहेत. त्यांच्या तारा जुन्या झाल्या होत्या, त्या आम्ही बदलून घेतल्या. नव्या तारा काही दिवस सारख्या उतरत राहतात, म्हणून शाळा उघडेपर्यंत आमच्यापैकी कोणी तरी येऊन त्या रोज जुळवून ठेवील. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस सुरू होतात. त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी परिपाठ संपल्यावर मुख्याध्यापकांनी आपल्याला एक तास दिला आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर यावे. येणाऱ्या प्रत्येकाला गुरुजींचाच नियम लागू राहील: आपल्यापैकी कोणीही मुलांपेक्षा मोठ्याने गायचे नाही.