सहा गणांची ओळ

ही गुस्ले, गायकाच्या साथीचे तंतुवाद्य. तार एकच, घोड्याच्या केसांची. होमरची महाकाव्ये तोंडी कशी रचली गेली असतील, याचा माग काढत अमेरिकी अभ्यासक मिल्मन पॅरी १९३३ साली युगोस्लाव्हियातल्या गायकांकडे आला. आणि या त्याच्या ध्वनिमुद्रणाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या तबकड्या, साडेतीन हजारांहून अधिक. एका बाजूवर जेमतेम काही मिनिटांचे गाणे मावे. म्हणून दोन यंत्रे आळीपाळीने चालत. एक तबकडी भरत आली की दुसरी सुरू. गायकाला थांबावे लागत नसे.

आता पडद्यावरची, होमरच्या 'इलियड'ची ही ओळ मोठ्याने वाचा:

तोन्-द-प, मेइ-बो-मे, नोस्-प्रो-से, फे-पो-द, सो-क्यु-स, खिल्-लेउस्.

सहा गणांचे हे हेक्झॅमीटर वृत्त. गुरु-लघु-लघु म्हणजे डॅक्टिल, आपला 'भ' गण. दोन गुरु आले तर स्पाँडी. तिसऱ्या गणात 'नोस्'नंतर शब्द संपतो. हा सीझुरा, ओळीतली यती. मराठी वाचक अडखळतो तो 'बो-मे'पाशी. आपले ए आणि ओ नेहमी गुरु. ग्रीकमध्ये त्यांची ऱ्हस्व रूपेही आहेत, आणि त्यांना वेगळी अक्षरे आहेत. 'बो', 'मे', 'प्रो', 'से', 'पो' इथे लघु. ते गुरु धरले की मात्रा वाढतात आणि ओळ मोडते. जोडाक्षराआधीचे अक्षर गुरु हा नियम मात्र ओळखीचाच, फक्त तो दोन शब्दांच्या सांध्यावरही लागतो: 'नोस्' गुरु झाला तो असाच.

ओळीचा शेवट पाहा: 'पोदस ओक्युस आखिल्लेउस', चपळ पायांचा अकिलीस. नावाला जोडलेले हे विशेषण म्हणजे एपिथेट आणि असा ठरीव मापाचा पदबंध म्हणजे फॉर्म्युला. नाव बदला, 'पोल्युमेतिस ओद्युस्सेउस', बहुयुक्त्यांचा ओडिसियस, त्याच जागेत नेमके बसते. शेवटचे दोनच गण उरले असतील, तर अकिलीस 'दीओस', देवतुल्य होतो. गाता गाता ओळ जुळवणाऱ्याला अशी तयार मापे हाताशी लागतात.

पहिल्या सर्गात अकिलीस रागावून जहाजांपाशी बसून राहतो, आणि तिथेही तो 'चपळ पायांचा'च आहे. विद्यार्थी इथे उपरोध शोधत बसतात. आधी गण पाडा, ओळीत किती जागा उरली ते मोजा, मग अर्थाकडे वळा.

पॅरी १९३५ मध्येच गेला. काम त्याचा सहायक आल्बर्ट लॉर्डने पुढे नेले. मूळ तबकड्या हार्वर्डमध्ये आहेत.