डावा पीळ

नमस्कार श्रोतेहो. उजव्या हाताची मूठ वळा आणि अंगठा वर ठेवा. बोटं ज्या दिशेनं वळली आहेत, त्या दिशेनं गोल फिरत अंगठ्याच्या रोखानं वर चढत गेलं, की होतो उजवा पीळ. आपल्या पेशींतला डीएनए जवळजवळ सगळा असाच असतो. चित्रात त्याचा समोरचा धागा डावीकडून उजवीकडे चढताना दिसला पाहिजे. पण पोस्टरं, मुखपृष्ठं, बोधचिन्हं नीट पाहा. कित्येकांत तो उलटा काढलेला असतो. ती चित्रकाराची चूक. डाव्या पिळाचा डीएनए मात्र खरोखर असतो, आणि तो त्या चुकलेल्या चित्रासारखा मुळीच नसतो.

१९७२ मध्ये पोल आणि जोविन या शास्त्रज्ञांनी ग्वानीन आणि सायटोसीन हे बेस, म्हणजे डीएनएच्या दोन धाग्यांना जोडीजोडीनं सांधणारे घटक, आलटून पालटून असलेला कृत्रिम डीएनए खूप खारट पाण्यात ठेवला. त्यातून प्रकाश सोडून घेतलेला आलेख चक्क उलटा झाला. पीळ बदलल्याची ती खूण होती. त्याच दशकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत व्ही. शशिशेखरन आणि त्यांचे सहकारी वेगळ्याच वाटेनं डाव्या पिळाकडे आले होते. अणूंच्या रचनेचे नियम तपासून ते म्हणाले, की डावा पीळही शक्य आहे. थोडा उजवा, मग थोडा डावा, असा आळीपाळीनं वळणारा डीएनए त्यांनी सुचवला. ते प्रारूप पुढे टिकलं नाही. पण डाव्या पिळाची शक्यता इतक्या आधी गंभीरपणे मांडण्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

मग आलं १९७९. अमेरिकेत एमआयटीमध्ये अलेक्झांडर रिच यांच्या प्रयोगशाळेत अँड्र्यू वांग यांनी सहा बेसजोड्यांच्या इवल्याशा डीएनएच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकले. एकेक अणू वेगळा दिसावा इतकं स्पष्ट चित्र मिळालं, आणि त्यात पीळ डावा निघाला! साखर आणि फॉस्फेटचा कणा नागमोडी जात होता. इंग्रजीतल्या 'झिगझॅग'वरून त्याचं नाव पडलं झेड-डीएनए.

आता जरा आत डोकावू. नेहमीच्या डीएनएत एका वेढ्यात साधारण साडेदहा बेसजोड्या बसतात, झेडमध्ये बारा. झेड थोडा सडपातळ असतो: जाडी दोनऐवजी सुमारे १.८ नॅनोमीटर. पण खरी गंमत ग्वानीनची. तो आपल्या साखरेवरच्या बंधाभोवती गर्रकन फिरून उलटा बसतो. समोरच्या सायटोसीनला जोडी टिकवायची असते, म्हणून तो आपल्या साखरेसकट वळतो. अख्खी जोडीच पालथी होते, आणि एकाआड एक साखरेची दिशा बदलल्यानं कणा नागमोडी होतो. आरशातल्या प्रतिबिंबात साखरही उलटी झाली असती. इथे साखर तीच, आपल्या नेहमीच्या घडणीची. म्हणूनच उजव्या पिळाचं चित्र नुसतं उलटं छापलं, तर त्यातून झेड-डीएनए मिळत नाही.

या रचनेत समोरासमोरचे फॉस्फेट फार जवळ येतात आणि एकमेकांना ढकलतात. मिठातले धनभारित आयन ही ढकलाढकल शांत करतात, म्हणून तर खारट पाणी लागलं. पेशीत एवढं मीठ नसतं. तिथे कामी येतो ताण. दोन्ही टोकं धरून ठेवलेली दोरी मधेच उकलायला लागलो, की पुढचा पीळ आवळतो आणि मागचा सैल पडतो. जनुक वाचणारं एन्झाइम डीएनएवरून सरकतं तेव्हा असंच होतं. मागच्या सैल भागात ग्वानीन-सायटोसीनची योग्य रांग असली, तर ती काही काळ डावीकडे वळते. उजवा आणि डावा पीळ जिथे भेटतात, तिथे एका जोडीचे दोन्ही बेस सुटून बाहेर डोकावतात. २००५ मध्ये स्फटिकात हे प्रत्यक्ष दिसलं.

बरीच वर्षं अनेकांना हे सगळं प्रयोगशाळेतलं नवल वाटायचं. मग एडीएआर-१ हे प्रथिन सापडलं. त्याचा एक भाग डाव्या पिळालाच नेमका धरतो. तसाच भाग झेडबीपी-१ या प्रथिनातही आहे. फ्लूचा विषाणू पेशीत शिरून आपल्या प्रती काढू लागला, की डाव्या पिळाचा आरएनए, म्हणजे डीएनएसारखाच एक रेणू, तयार होतो. झेडबीपी-१ तो ओळखतं आणि त्या पेशीला मरणाचा इशारा देतं. देवीच्या लशीत वापरल्या जाणाऱ्या व्हॅक्सिनिया विषाणूनं तर स्वतःकडेही असाच भाग बाळगला आहे. तो बिघडवला तेव्हा त्या विषाणूची उंदरांना मारण्याची ताकद गेली.