दादा, मग तो झोत निघतो कुठून?

राजेहो, नमस्कार. मागे थ्रेशर सुरू आहे, आवाज येणारच. मजूर आज मिळाले, सोयाबीन आजच काढून घेतो.

गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पन्नास वेळा: "दादा, कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही म्हणता, मग झोत काऊन निघते?" कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूची तबकडी कशी बनते, तो वायू घासून कसा तापतो, ते मागं झालं. पुढं चला.

झोत म्हणजे कृष्णविवराजवळून सुसाट उडणारी कणांची धार. ती आतून निघत नाही. जे आत पडलं, ते पडलं. उडतं ते उंबरठ्याबाहेरचं, म्हणजे जिथून परत फिरता येत नाही त्या हद्दीबाहेरचं.

मागं मीच थ्रेशरचं उदाहरण दिलं होतं, इकडून ढीग टाका, तिकडून कुटार उडते. चुकलं माझं. थ्रेशरमध्ये माल पोटात जाऊन बाहेर येतो. एका ताईनं बरोबर पकडलं, अन् चार पोट्टे तिच्याशीच भांडत बसले! अरे, ती बरोबर आहे ना बाप्पा.

त्यापेक्षा अंबाडीचा दोर वळणं आठवा. एक टोक धरायचं, दुसरं गरगर फिरवायचं. पीळ दोरभर चढत जातो. आत सरकणारा वायू चुंबकीय बलरेषा सोबत ओढून आणतो. कृष्णविवर स्वतः फिरतं, त्या रेषांना पीळ घालतं, अन् तो पीळ बाहेरच्याच कणांना दोन्ही ध्रुवांकडून जवळपास प्रकाशाच्या वेगानं फेकतो. ब्लँडफर्ड आणि झ्नायेक या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये हे गणित मांडलं. ऊर्जा फिरण्याची, माल बाहेरचा. थोडा जोर तबकडीच्या फिरण्यातूनही मिळू शकतो.

अजून पटत नाही? एम-८७ दीर्घिकेतला झोत खगोलशास्त्रज्ञ कर्टिस यांनी १९१८ मध्येच टिपला होता. २०२३ मध्ये आलेल्या रेडिओ चित्रात त्याचं बूड कृष्णविवराच्या सावलीभोवतीच्या चमकत्या कड्याला जोडलेलं दिसतं. कड्याला, राजेहो!

अन् "जास्त खाल्लं की जास्त झोत" असंही नाही. ताऱ्याएवढ्या वजनाच्या कृष्णविवरांत वायू विरळ, फुगलेला, अति तप्त असतो तेव्हा झोत स्थिर चालतो. तबकडी पातळ होऊन झगमगायला लागली की हा झोत जवळपास विझतो. मधल्या बदलाच्या वेळी मात्र एखादा वायूचा गोळाच भिरकावला जातो.

अंधार पडला की डोक्यावरून जरा उत्तरेला हंस तारकासमूह पहा. सिग्नस एक्स-१ हे कृष्णविवर तिथंच, त्याच्या मानेत, सूर्याच्या सुमारे २१ पट वजनाचं. डोळ्यानं दिसत नाही, शोधत बसू नका.

थांबा, थ्रेशर अडकलं वाटते. आलोच रे!