मरणाऱ्या पात्राला वाचवायचं बटण

(दृश्य : होम मैदान. संक्रांतीची संध्याकाळ, गर्दी, धूर.)

गड्ड्याच्या यात्रेला आलेल्या सोलापूरकराला होम मैदानावर काय होणार हे पाठ असतं. आदल्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं आणि दुसऱ्या दिवशी ती होमात प्रतीकरूपानं अग्नीला जाते. गर्दीतलं कुणी "थांबवा" म्हणून पुढं धावत नाही. कथा ठरलेली आहे, आणि ठरलेली आहे म्हणूनच लोक वर्षानुवर्षं येतात.

त्याच गर्दीतल्या एखाद्या पोराला घरी नेऊन हातात कंट्रोलर द्या. पडद्यावरचं आवडतं पात्र मेलं की ते बोंबलतं, "काय बे, हे काय झालं!" आणि शेवटचा सेव्ह, म्हणजे आधी राखून ठेवलेला खेळ, परत लोड करतं. त्याचं काही चुकत नाही. इथं जे होतं ते तुझ्या बोटांनी होतं, असं त्याला तासन्‌तास पटवलेलं असतं. मग नेमकं हेच त्याच्या बोटांत का नाही?

पुढं बऱ्याच गेमचे शेवट उघड होणार आहेत. ज्यांना ते नको असतील त्यांनी व्हिडिओ इथंच थांबवावा.

(दृश्य : जुनं प्लेस्टेशन, डिस्क बदलणारा हात.)

सगळ्यांची जुनी जखम १९९७ ची. 'फायनल फँटसी ७' तीन डिस्कवर आला. पहिल्या डिस्कच्या शेवटी खेळाडूच्या गटातली, फुलं विकणारी एरिथ प्रार्थनेला बसलेली असते. खलनायक सेफिरॉथ वरून उतरतो आणि तिच्या पाठीत तलवार खुपसतो. दुसरी डिस्क घातली तरी ती परत येत नाही. खेळाडूंची तक्रार एकच होती आणि ती रास्त होती. लढाईत आडवा झालेला गडी उठवायला 'फिनिक्स डाउन' मिळतं, गेममधल्या दुकानात ३०० गिलला (तिथलं चलन) एक. तोवर ते डझनांनी वापरून झालेलं असतं. मग एरिथला का चालत नाही?

कारण लढाईतलं मरण हे मरण नसतंच, ती नुसती बेशुद्धी असते. पण गेम दोन्ही गोष्टी सारख्याच दाखवतो आणि फरक सांगायची तसदी घेत नाही. दिग्दर्शक योशिनोरी किटासे यांनी पुढं मुलाखतींतून सांगितलं की खरं मरण अचानक येतं आणि मागं पोकळी ठेवून जातं, तेच त्यांना दाखवायचं होतं. हेतू साधला. फिनिक्स डाउनचा हिशेब मात्र राहून गेला.

चीट लावून किंवा सेव्ह फाइल दुरुस्त करून एरिथला पुढच्या डिस्कवर गटात ओढून आणता येतं. ती लढते, जादू करते. कथा सुरू झाली की बहुतेक प्रसंगांत तिच्या तोंडी एक अक्षर नाही, कारण ते प्रसंग ती नाही असं धरूनच लिहिलेत. वाचवली, पण कुणी तिच्याशी बोलत नाही.

(दृश्य : वहीचं कोरं पान, पेन्सिलनं मांडलेला हिशेब.)

एक माणूस जगवायला काय लागतं ते कागदावर मांडू. समजा, सोलापुरातल्या तीन पोरांनी गिरणीवर एक छोटा गेम करायला घेतला. चाळीस प्रसंग. पंधराव्या प्रसंगात जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, मरतो. त्याला वाचवायची सोय ठेवली, तर उरलेल्या पंचवीस प्रसंगांत तो कुठंतरी उभा दिसायला हवा आणि काहीतरी बोलायला हवा. प्रसंगाला सहा वाक्यं धरली की १५०. सोलापूरचा गेम म्हणजे मराठीच्या जोडीला तेलुगू आणि कन्नड आलंच, म्हणजे ४५० वाक्यांचं रेकॉर्डिंग. शिवाय जॉबर हयात असताना बाकीचे जे बोलतील ते तो गेल्यावर बोलणार नाहीत, म्हणून त्यांचीही वाक्यं दोन-दोन तऱ्हेची. हे झालं एका माणसाचं. पाच जणांचं जगणं-मरणं खेळाडूवर सोडलं की ३२ शक्यता होतात, दहा जणांचं सोडलं की १०२४. एवढे प्रसंग कुणी लिहीत नाही. म्हणून फाटा फोडायचा आणि थोडं पुढं जाऊन परत मूळ रस्त्याला आणून सोडायचा, हा या धंद्यातला रिवाज.

रिवाज वाईट नाही. वाईट होतो तो लपवला की. टेलटेल कंपनीच्या २०१२ च्या 'द वॉकिंग डेड'मध्ये सुरुवातीलाच पाटी येते की कथा तुमच्या निवडीप्रमाणं घडेल. पहिल्या भागात डग आणि कार्ली, दोघांपैकी एकालाच वाचवता येतं. निवडायला काही सेकंदच मिळतात, हात थरथरतो. तिसऱ्या भागात, जो कुणी वाचलेला असेल तो मरतो. दोघांची जागा एकच, मरणही जवळपास एकाच ठिकाणी. एकदा खेळणाऱ्याला हे कळत नाही. दुसऱ्यांदा खेळणारा मात्र चिडतो, आणि त्याचं चिडणं बरोबर आहे. त्याच गेमचा नायक ली चावला जातो. पाचव्या भागात त्याचा हात कापता येतो, तरी तो वाचत नाही. तिथं कुणी फसत नाही. चावल्यावर सुटका नाही हे गेमनं आधीच सांगून ठेवलेलं असतं.

आमचं म्हणणं इथंच आहे. पात्र मरावं की जगावं हे लेखकानं खुशाल ठरवावं. पण वाचवता येईल असं भासवायचं, आणि येऊ द्यायचं नाही, हे करू नये. आणि येऊ द्यायचं असेल तर त्याची किंमत आधी घ्यावी, मरणाच्या दारात उभं करून नव्हे.

(दृश्य : पडद्यावर बारा चेहऱ्यांची रांग, एकेकाशेजारी आकडा.)

किंमत आधी घेण्याचा सगळ्यात चोख हिशेब बायोवेअरच्या 'मास इफेक्ट २'चा, २०१० सालचा. शेवटच्या मोहिमेला गेममध्येच आत्मघाती मोहीम म्हणतात. बाराच्या बारा साथीदार वाचू शकतात, आणि नीट लक्ष दिलं नाही तर नायकासकट सगळे मरू शकतात. नशिबाचा भाग जवळपास नाही.

अंतराळ जहाजाच्या तीन सुधारणा असतात : चिलखत, ढाल आणि तोफ. एक राहिली की एक साथीदार पोचायच्या आधीच गेला. पुढं शत्रूच्या तळात हवेच्या नळीतून शिरायला यंत्रातला जाणकार लागतो. टाली, लीजन किंवा कासुमी, आणि त्यांचं वैयक्तिक काम खेळाडूनं आधी पुरं केलेलं असलं पाहिजे. बाहेरच्या तुकडीचा म्होरक्या म्हणून मिरांडा, जेकब किंवा गॅरस. इथं एक खोच आहे. नळीतला माणूस बरोबर निवडला पण बाहेरचा म्होरक्या चुकला, तरी मरतो तो नळीतलाच. खेळाडू मग टालीला दोष देत बसतो.

खरी गंमत शेवटी, नायक पुढं गेल्यावर मागं दार धरून बसणाऱ्यांची. प्रत्येकाला न दिसणारे गुण आहेत. काम पुरं झालेलं असेल तर ग्रंट, झाईद आणि गॅरसला चार-चार. मॉर्डिन, टाली, जॅक आणि कासुमीला एकेक. बाकीच्यांना दोन-दोन. मागं पाच किंवा जास्त माणसं असतील तर सरासरी दोन भरली पाहिजे. मॉर्डिन, टाली, जॅक, थेन आणि जेकब ठेवले तर बेरीज सात, सरासरी १.४, आणि दोघं जातात. त्यात जॅकला काढून गॅरसला बसवला की बेरीज दहा, सरासरी बरोबर दोन, कुणी मरत नाही. होतं काय, की गॅरस आणि ग्रंट दणकट म्हणून खेळाडू त्या दोघांना स्वतःबरोबर पुढं नेतो आणि दारात म्हातारा मॉर्डिन राहतो. गुण कमी पडले की मरायच्या यादीत पहिलं नाव मॉर्डिनचं. उपाय सोपा आहे. शत्रूनं पळवलेल्या आणि आता सुटका झालेल्या खलाशांना परत जहाजावर पोचवायला एक साथीदार लागतो, तिथं मॉर्डिनला पाठवायचा.

खलाशांचाही वेगळा काटा आहे. ते पळवले गेले की ताबडतोब निघायचं. मध्ये एक ते तीन मोहिमा केल्या तर निम्मे जातात, त्याहून जास्त केल्या तर जहाजावरच्या डॉक्टर चाकवास तेवढ्या उरतात. घाई आहे असं प्रत्येक गेम सांगतो. हा एक ते पाळतो.

हाच मॉर्डिन 'मास इफेक्ट ३'मध्ये, २०१२ साली, पुन्हा मरणाच्या दारात येतो. क्रोगन जमातीची वंशवाढ रोखणारा रोग बरा करायला तो कोसळत्या मनोऱ्यात चढतो. त्याला वाचवता येतं, पण पहिल्या भागात क्रोगन साथीदार रेक्स मेलेला असला पाहिजे, म्हणजे जमातीचा सरदार त्याचा आडदांड भाऊ रीव्ह होतो. दुसऱ्या भागात औषधाच्या संशोधनाची माहिती नष्ट केलेली असली पाहिजे, म्हणजे ईव्ह ही समजूतदार क्रोगन बाई जगत नाही. रेक्स आणि ईव्ह या दोघांशिवाय क्रोगन बेफाम होतील, हे मॉर्डिनला पटवून द्यायचं. तो उपचार सोडून खाली उतरतो. जगतो. आणि एका आख्ख्या जमातीला, तुम्ही बऱ्या झालात, असं खोटं सांगितलं जातं. ज्यांनी दोन गेम सगळं नीट केलं, त्यांना मॉर्डिन मिळत नाही. इतकी निर्लज्ज किंमत मागणारी सुटका गेममध्ये फार थोडी आहे, आणि म्हणूनच ती चांगली आहे.

काही सुटका मात्र गाईड वाचल्याशिवाय सापडणं कठीण. 'फायनल फँटसी ६'मध्ये तरंगत्या बेटावरून पळायला सहा मिनिटं असतात. कड्यावर येऊन उडी न मारता थांबायचं, घड्याळात पाच सेकंद उरली की मागं राहिलेला साथीदार शॅडो धावत येतो. घाबरून उडी मारली की तो कायमचा गेला. त्याच गेममध्ये आजारी सिडला मासे खाऊ घालायचे असतात. पाण्यात चपळ पोहणारा मासा गुणकारी, संथ पोहणारा बाधतो. हे कुणी सांगत नाही, आणि संथ मासाच पकडायला सोपा! तरी एक गोष्ट लेखकांनी नीट केली. सिड जगो वा मरो, त्याची शुश्रूषा करणाऱ्या सेलिसला तराफा मिळतोच, आणि दोन्हीकडून कथा अडकत नाही. 'डार्क सोल्स'मधला योद्धा सोलेअर वाचवायला एका आजारी बाईला ३० 'ह्युमॅनिटी' द्याव्या लागतात, तेव्हा आडवाट उघडते. ह्युमॅनिटी ही खेळाडूच्या स्वतःच्या कामाची चीज. किंमत योग्य. ती सोलेअरसाठी मोजतोय हे मात्र देणाऱ्याला ठाऊक नसतं.

आणि सेव्ह-लोडचं काय? २०१५ च्या 'अंडरटेल'नं त्यावर तोड काढली. खेळाडूला जपणाऱ्या टोरिएलला मारलं, वाईट वाटलं, जुना सेव्ह लोड करून तिला सोडून दिलं, तरी फ्लॉवी (गेममधलं बोलणारं फूल) पुढच्याच वळणावर टोमणा मारतो, की तू काय केलंस ते मला माहीत आहे.

(दृश्य : चार हुतात्म्यांचे पुतळे, समोरून जाणारी वाहतूक.)

सोलापुरात हा प्रश्न जरा जास्त टोचतो. मे १९३० मध्ये या शहरावर मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. उद्या इथल्या पोरांनी त्या दिवसांवर गेम केला, तर खेळाडूला फाशी रोखता यावी का?

आमच्या मते नाही. त्याहून महत्त्वाचं, ती रोखता येईल अशी आशा लावणारा एकही प्रश्न विचारू नये. दयेचा अर्ज पोचला का, पहारेकरी फितेल का, असली कामं दिली की खेळाडू ती मन लावून करणार, आणि मग तो टेलटेलच्या वाटेनं चिडणार. तारीख पहिल्याच पडद्यावर दाखवावी. खेळाडूच्या हाती द्यायला शहर केवढं तरी आहे. गोळीबारात पडलेल्या कामगाराला खांद्यावर घेऊन गल्लीतून न्यायचं, घरातली पत्रकं झडतीच्या आत हलवायची, संचारबंदीत शेजारणीला सुईण आणून द्यायची. ही कल्पित माणसं जगू-मरू शकतात, आणि त्यांची किंमत दोन-तीन प्रसंग आधी मागता येते.

अशा गेममध्ये माणसाला जिवंत आणि मृत या दोनच अवस्था ठेवल्या की खर्च वाढतो. तिसरी ठेवावी : दूर. वाचलेला कामगार विजापूरला निघून गेला आणि नंतर त्याचं एक पत्र आलं, की पंचवीस प्रसंगांऐवजी एका पडद्यात भागतं. पत्रात मात्र खेळाडूनं नेमकं काय केलं ते आलं पाहिजे, मोघम आभार नकोत. मेलेल्याच्या खिशात राहिलेली किल्ली हा नेहमीचा घोळ. पुढचं दार उघडणारी वस्तू मरू शकणाऱ्या माणसाजवळ ठेवूच नये. खेळ आपोआप राखून ठेवणाऱ्या ऑटोसेव्हच्या तीन जागा आळीपाळीनं वापराव्यात. एकच ठेवली आणि ती मरणाच्या क्षणानंतर भरली गेली, तर खेळाडूचा सगळा खेळ वाया.

आणि कोडमध्ये पात्राची खूण 'जिवंत' या नावानं ठेवू नये, 'मृत' या नावानं ठेवावी. गेमची नवी आवृत्ती आली, तीत दोन पात्रं वाढली, की जुन्या सेव्ह फाइलमध्ये त्यांची नोंदच नसते. नोंद नसली की बहुतेक ठिकाणी उत्तर 'नाही' असं धरलं जातं. खूण 'जिवंत' असेल तर अपडेट केल्या केल्या दोघंही मेलेले निघतात, आणि कुणी मारलं ते खेळाडूला शेवटपर्यंत कळत नाही.